एका खोट्या व्हिडिओमुळे बाबांनी गोळ्या बंद केल्या. डीपफेकचं नुकसान कमी कसं करायचं?

चांदणवेल | सोमवार, रात्री १०:४२

बरेच महिने इथे फक्त वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, कारण दहा दिवस झाले हे डोक्यातून जात नाहीये.

बाबा ७३ वर्षांचे. मधुमेह १८ वर्षं जुना. गोळ्यांच्या बाबतीत इतके काटेकोर की घड्याळ लावावं. मागच्या शनिवारी त्यांचा ड्रॉवर आवरताना बघितलं तर महिन्याच्या स्ट्रिपा जशाच्या तशा, एकही गोळी काढलेली नाही. विचारलं तर म्हणाले, "आता गरज नाही त्यांची." मग मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. टीव्हीवर नेहमी दिसणारे एक डॉक्टर, मागे पुस्तकांचं कपाट, गळ्यात स्टेथोस्कोप, सांगतायत की या थेंबांनी साखर मुळापासून जाते, गोळ्यांनी किडनी खराब होते आणि कंपन्या हे लोकांना कळू देत नाहीत. खाली लिंक. १९ दिवस बाबा थेंब घेत होते. त्या दिवशी उपाशीपोटी साखर ३१२.

मी काय चूक केली ते आधी सांगते. अर्धा तास मी त्यांना "हे बघा ओठ, हे बघा डोळे, हे कॉम्प्युटरने बनवलंय" असं समजावत बसले. ते शांतपणे म्हणाले, "ओठ नीट हलतायत की गं." आणि खरंच नीट हलत होते. आवाज तोच, बोलताना मान तिरकी करायची लकब तीच. दहाव्यांदा बघताना माझीच खात्री डळमळायला लागली.

शेवटी त्या डॉक्टरांचं स्वतःचं पेज शोधलं, तर सगळ्यात वर त्यांचाच व्हिडिओ, की माझा चेहरा नि आवाज चोरून जाहिराती चालवल्या जातायत, मी कुठलंही औषध विकत नाही. बाबांनी तो दोनदा पाहिला. चष्मा काढून बाजूला ठेवला आणि म्हणाले, "मग आता खरं काय धरायचं?"

मला उत्तर देता आलं नाही. गोळ्या सुरू झाल्या, साखर उतरतेय, ते ठीक आहे. पण "डीपफेक ओळखण्याच्या दहा खुणा" असल्या याद्या खूप वाचून झाल्या, मला त्या नकोत. ओळखता येत नाहीच असं धरून चालू या, मग नुकसान कमी करायला नक्की काय करता येतं? ज्यांनी काही करून पाहिलंय त्यांनी लिहा प्लीज.

---

साधा वाचक | सोमवार, रात्री ११:०५

वाचून फार वाईट वाटलं. बाबांची काळजी घ्या, डोळे आणि किडनीची तपासणी पण करून घ्या एकदा.

खुणा नकोत म्हणालात तरी लिहितो, पापण्या लवतात का ते बघायचं, बोटं मोजायची, कानातले दोन्ही बाजूंना सारखे आहेत का ते बघायचं. मला तरी याचा उपयोग झालाय.

---

शाईचा डाग | सोमवार, रात्री ११:५०

साधा वाचक, राग मानू नका, पण या खुणांनीच माणूस फसतो असं माझं मत झालंय. बावीस वर्षं बातम्यांच्या डेस्कवर काढली, त्यातली शेवटची सहा फक्त पडताळणीची, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

पापण्यांचं उदाहरण घ्या. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं की डीपफेकमधली माणसं पुरेशी डोळे मिचकावत नाहीत, कारण ते बनवणारी एआय मॉडेल ज्या फोटोंवर शिकली त्यात बहुतेकांचे डोळे उघडेच होते. हे छापून आलं आणि काही आठवड्यांतच पापण्या लववणारे डीपफेक निघाले. बोटांचं तेच झालं. खूण जाहीर झाली की बनवणारा ती दुरुस्त करतो, आपण मात्र पाच वर्षं तीच खूण धरून बसतो आणि खूण दिसली नाही की "म्हणजे खरं" म्हणून निर्धास्त होतो. खरा धोका तिथे आहे.

आणि आपले डोळे-कान किती भरवशाचे? २०२२ मध्ये एका अभ्यासात लोकांना खरे आणि कॉम्प्युटरने बनवलेले चेहरे ओळखायला दिले, बरोबर उत्तरं ४८ टक्के, म्हणजे नाणं उडवल्यासारखं, वर बनावट चेहरेच लोकांना किंचित जास्त विश्वासू वाटले. आवाजाचा २०२३ चा अभ्यास आहे लंडनचा, त्यात ७३ टक्के वेळा बनावट आवाज ओळखला गेला, म्हणजे लक्ष देऊन ऐकणाऱ्यांच्याही हातून चारातला एक निसटला. मशीनचं म्हणाल तर फेसबुकने २०२० मध्ये जी मोठी स्पर्धा घेतली तिच्यात पहिला आलेला प्रोग्राम आधी न पाहिलेल्या व्हिडिओंवर ६५ टक्क्यांवर अडकला. तेव्हा बाबांना ओळखता आलं नाही यात त्यांची काहीही चूक नाही, हे त्यांना जरूर सांगा.

मग आम्ही काय करायचो? व्हिडिओ सोडून द्यायचो. अक्षरशः. स्टॅनफर्डच्या लोकांनी २०१७ मध्ये इतिहासाचे प्राध्यापक, विद्यार्थी आणि व्यावसायिक पडताळणी करणारे यांना एकच वेबसाइट तपासायला दिली. प्राध्यापक ती साइटच वरून खालपर्यंत वाचत बसले, लोगो बघत, भाषा बघत. पडताळणीवाले काही सेकंदांत तिथून बाहेर, बाजूला नवीन टॅब उघडून "या लोकांबद्दल इतर काय म्हणतात" ते शोधायला. त्यांचं उत्तर लवकरही आलं आणि बरोबरही आलं. चांदणवेल, शेवटी तुम्ही जे केलंत ना, व्हिडिओ सोडून डॉक्टरांच्या पेजवर गेलात, नेमकं तेच. अर्धा तास ओठ बघण्यात गेला आणि दोन मिनिटांत काम झालं ते बाहेर पडल्यावर.

माझी पद्धत सांगतो. क्लिप आली की आधी आवाज बंद करतो, कारण संतापाचं संगीत आणि किंचाळणारा निवेदक यांच्यामुळे डोकं चालेनासं होतं. मग एका स्पष्ट फ्रेमचा स्क्रीनशॉट, त्याचा रिव्हर्स इमेज सर्च (म्हणजे फोटो टाकून तो आधी कुठे आलाय ते शोधणं) आणि निकालांमध्ये सगळ्यात जुनी तारीख. खूपदा काम तिथेच संपतं, क्लिप चार वर्षं जुनी निघते, देशही दुसराच. बहुतेक वेळा एआय वगैरे काही नसतंच, खराच व्हिडिओ असतो आणि मथळा खोटा. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या नेत्या नॅन्सी पेलोसींचा व्हिडिओ फक्त साधारण ७५ टक्के वेगाने चालवला तर त्या नशेत बोलतायत असं लाखो लोकांना वाटलं, त्याला कुठलं तंत्रज्ञान लागलं?

---

लेजरवाला | मंगळवार, सकाळी ७:३०

अकाउंट्समध्ये आहे. आमच्या क्षेत्रात "ओळखा" हा सल्ला आता कोणी देत नाही, कारण हाँगकाँगची केस सगळ्यांना माहितीये. अरप नावाच्या मोठ्या इंजिनिअरिंग कंपनीच्या कर्मचाऱ्याला २०२४ च्या सुरुवातीला मेल आली, त्याला संशयही आला, पण नंतर व्हिडिओ कॉलवर खुद्द वित्तप्रमुख आणि ओळखीचे सहकारी दिसले म्हणून संशय गेला. कॉलवरचे बाकी सगळे बनावट होते. १५ व्यवहारांत २० कोटी हाँगकाँग डॉलर गेले. म्हणजे बघा, त्या माणसाला संशय आला होता, तो बावळट नव्हता, त्याने डोळ्यांनी खात्री करून घेतली आणि डोळ्यांनीच घात केला.

आमच्याकडे त्यानंतर नियम झाला. पैसे पाठवा असं कोणीही, कुठल्याही माध्यमातून सांगितलं तरी फोन ठेवायचा आणि आपल्याकडे आधीपासून सेव्ह असलेल्या नंबरवर आपण उलट फोन करायचा. समोरून आलेल्या नंबरवर नाही. मोठ्या रकमेला दुसऱ्या माणसाची सही, अपवाद नाही.

गेल्या वर्षी माझ्या ज्युनिअर मुलीला आमच्या साहेबांच्या आवाजात फोन आला, मीटिंगमध्ये आहे, लगेच कर, नंतर बोलू. तिचे हात थरथरत होते, मी शेजारी बसलेलो. तिने "सर, नियमाप्रमाणे मी उलट फोन करते" म्हणून फोन ठेवला. साहेब त्या वेळी गाडी चालवत होते, त्यांना पत्ताच नाही. पण मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. दुसऱ्या दिवशी साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं की माझा खरा फोन असता आणि हिने ठेवला असता तरी मी हिचं कौतुकच केलं असतं. त्या एका वाक्याने नियम टिकला. नाहीतर साहेबाला नाही म्हणायची हिंमत कोण करणार, आणि फसवणारे नेमका त्याच भीतीवर धंदा करतात.

घरी पण एक शब्द ठरवलाय आम्ही, घरच्यांनाच माहीत असलेला. अडचणीत असल्याचा फोन आला तर तो शब्द विचारायचा. आईला सुरुवातीला हे पटेना, पोटच्या मुलाला काय विचारायचं म्हणून. मी तिला सांगितलं, तू विचारलंस तर मला बरं वाटेल. आता विचारते.

---

साधा वाचक | मंगळवार, सकाळी ८:१५

शाईचा डाग, राग कसला, पटलं. पापण्यांचा सल्ला मीच गेल्या महिन्यात चार ग्रुपवर टाकलाय, आज तिथे जाऊन दुरुस्ती टाकतो.

---

उत्तररात्र | मंगळवार, दुपारी १:२०

सगळं वाचलं, चांगली चर्चा चाललीये पण एक गोष्ट राहतेय आणि माझ्या मते तीच सगळ्यात मोठी आहे. आतापर्यंत सगळे फसण्याबद्दल बोलतायत. ज्यात कोणीच फसत नाही तरी आयुष्य उद्ध्वस्त होतं, त्याचं काय?

डीपफेक हे नावच मुळात २०१७ मध्ये रेडिटवर नट्यांचे चेहरे पॉर्नवर चिकटवणाऱ्या एकाच्या टोपणनावावरून आलं. २०१९ मध्ये एका कंपनीने इंटरनेटवरचे डीपफेक व्हिडिओ मोजले तेव्हा ९६ टक्के संमतीशिवाय बनवलेलं पॉर्न होतं. निवडणुका, नेते, युद्ध वगैरे सगळं मिळून उरलेल्या चार टक्क्यांत.

माझ्या मामेबहिणीच्या बाबतीत झालं हे. कॉलेजच्या वार्षिक कार्यक्रमातला फोटो, त्यावरून बनवलेलं. ज्यांनी ज्यांनी बघितलं त्या सगळ्यांना माहीत होतं की ते खोटं आहे. मैत्रिणी म्हणायच्या, "अगं सोड ना, सगळ्यांना माहितीये फेक आहे." ती मला म्हणाली, "ताई, फेक आहे हे त्यांना बघून झाल्यावरच कळतं ना." यावर काय बोलणार. दोन महिने ती कॉलेजला गेली नाही. ज्या प्लॅटफॉर्मवर ते होतं तिथे मी पाच वेळा रिपोर्ट केलं, नवव्या दिवशी उत्तर आलं की यात आमच्या नियमांचं उल्लंघन दिसत नाही. सहाव्यांदा केलं तेव्हा निघालं.

तेव्हा जे माहीत नव्हतं आणि आता माहितीये ते लिहिते, कोणाला कधी लागलं तर. पहिली गोष्ट, डिलीट करायच्या आधी पुरावा. पूर्ण लिंक, अकाउंटचं नाव, तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट. आम्ही घाईत चॅट उडवून टाकले आणि पोलिसांकडे गेलो तेव्हा हातात काही नव्हतं. हे काम पीडित मुलीला करायला लावू नका, विश्वासातल्या दुसऱ्या कोणीतरी करावं, तिने ते पुन्हा पुन्हा का बघायचं? (तिच्या वयाची अट आहे. ती १८ च्या आतली असेल तर स्क्रीनशॉट काढून ठेवणं सुद्धा कायद्यात अडचणीचं होऊ शकतं, तिथे फक्त लिंक लिहून ठेवा आणि लगेच पोलीस.) दुसरी, स्टॉपएनसीआयआय नावाची मोफत सेवा आहे, १८ वर्षांवरच्यांसाठी. फोटो तुमच्या फोनमधून बाहेर जात नाही, फोनवरच त्याचा हॅश तयार होतो, अंगठ्याच्या ठशासारखा, आणि फक्त तो ठसा फेसबुक, इन्स्टाग्राम, टिकटॉक, रेडिट अशा सहभागी कंपन्यांना जातो, मग तोच फोटो कोणी चढवायला गेलं की त्यांच्याकडे जुळतो. एआयने बनवलेले फोटोही चालतात. १८ च्या आतल्यांसाठी टेक इट डाउन म्हणून तशीच सेवा आहे. सगळ्या साइट त्यात नाहीत, आणि फोटो बराच बदलला की ठसा जुळत नाही, पण मोठे दरवाजे बंद होतात.

गायिका टेलर स्विफ्टचे असे फोटो जानेवारी २०२४ मध्ये फिरले तेव्हा एक्सवरची एक पोस्ट निघेपर्यंत साडेचार कोटींच्या आसपास वेळा बघितली गेली होती. एवढ्या मोठ्या बाईसाठी इतका वेळ लागतो, तर आमच्या बहिणीसाठी नऊ दिवसांहून जास्त लागले यात नवल नाही. अमेरिकेत मे २०२५ मध्ये कायदा झाला की तक्रार आल्यापासून ४८ तासांत असं काढायलाच हवं. दक्षिण कोरियात २०२४ मध्ये शाळा-कॉलेजातल्या मुलींचे टेलिग्रामवरचे प्रकार उघडे पडल्यावर बनवणंच नाही तर जवळ ठेवणं आणि बघणंही गुन्हा केलं. मला हेच हवंय. बघणाऱ्याला सुद्धा जबाबदार धरा.

---

काठावरचा | मंगळवार, सायंकाळी ६:४०

उत्तररात्र, तुमच्या बहिणीचं वाक्य वाचून बराच वेळ काही सुचलं नाही.

तरी एक भीती मांडतो. "खोटं ताबडतोब काढा" हा अधिकार एकदा सत्तेतल्या माणसाच्या हातात गेला की तो खरं पण खोटं म्हणून काढून टाकू शकतो. २०२३ मध्ये स्लोवाकियात मतदानाच्या दोन दिवस आधी एका पक्षनेत्याची मतं विकत घेण्याबद्दलची बनावट ऑडिओ क्लिप फिरली, तेव्हा प्रचारबंदी होती, त्यामुळे खुलासा करायलाही नीट जागा नाही. ती काढायलाच हवी होती, मान्य. पण उद्या एखाद्या नेत्याची खरीखुरी लाच घेतानाची क्लिप आली आणि तो म्हणाला हे डीपफेक आहे, तर? चेस्नी आणि सिट्रन या दोन कायद्याच्या अभ्यासकांनी याला "खोटारड्याचा लाभांश" म्हटलंय. डीपफेक आहेत एवढं लोकांना माहीत असणं हाच खोटारड्याचा फायदा.

आफ्रिकेतल्या गॅबनचं उदाहरण मला फार बोलकं वाटतं. राष्ट्राध्यक्ष अली बोंगो आजारी होते, कित्येक आठवडे दिसले नव्हते, २०१९ च्या नववर्षाला त्यांचा भाषणाचा व्हिडिओ आला, त्यात चेहरा थोडा विचित्र दिसत होता. विरोधक म्हणाले हा डीपफेक. आठवड्याभरात तिथे लष्करातल्या काही जणांनी बंडाचा प्रयत्न केला. व्हिडिओ बनावट असल्याचं कधी सिद्ध झालं नाही, त्यांना पक्षाघात झाला होता. म्हणजे डीपफेक नसतानाही डीपफेकने काम केलं.

म्हणून काढून टाकण्यापेक्षा लेबल लावा असं माझं म्हणणं.

---

उत्तररात्र | मंगळवार, रात्री ८:०५

माझ्या बहिणीच्या फोटोवर "हे एआयने बनवलंय" असं लेबल लावलं असतं तर तिचं काय भलं झालं असतं ते सांगा.

---

काठावरचा | मंगळवार, रात्री ९:३०

काहीच नाही. बरोबर आहे तुमचं, मी दोन वेगळ्या गोष्टी एकाच पिशवीत घातल्या. कोणाच्या शरीराचा संमतीशिवाय केलेला फोटो दिसण्यात समाजाचं कुठलंच हित नाही, तिथे लेबलचा प्रश्नच येत नाही, तो आधी काढायचा. राजकीय बोलणं, टीका, विडंबन यात मात्र मी अजूनही म्हणेन की कोणी काढलं, का काढलं हे जाहीर हवं आणि दाद मागायची सोय हवी. दोन्हीला एकच कायदा लावायला गेलं की एकतर मुलींना न्याय मिळत नाही, नाहीतर बोलणाऱ्यांची मुस्कटदाबी होते.

---

रिकामा कॅनव्हास | मंगळवार, रात्री ११:१०

लेबलचा विषय निघालाय तर, सॉफ्टवेअरमध्ये आहे म्हणून, त्यात काय होतं आणि काय होत नाही ते लिहितो.

दोन प्रकार आहेत. एक म्हणजे फोटोसोबत त्याची जन्मकुंडली जोडायची. अडोबी, बीबीसी, इंटेल, मायक्रोसॉफ्ट वगैरेंनी मिळून २०२१ मध्ये सी२पीए नावाचं मानक सुरू केलं, कुठल्या कॅमेऱ्याने काढला, नंतर काय काय बदल केले, हे डिजिटल सही करून फाइलमध्ये बसवतात, कोणी मधे हात घातला तर सही जुळत नाही. लायकाने २०२३ मध्ये कॅमेऱ्यातच ही सोय दिली. दुसरा प्रकार म्हणजे एआयने बनवतानाच पिक्सेलमध्ये डोळ्याला न दिसणारी खूण मिसळायची, गूगलचं सिंथआयडी तसं आहे.

अडचण अशी की कुंडली स्क्रीनशॉट काढला की गेली, आणि बऱ्याच अ‍ॅपमध्ये चढवताना ही माहिती आपोआप गळते. आणि जो फसवायलाच बसलाय तो खूण न टाकणारं, कोणालाही उतरवून घेता येणारं ओपन मॉडेल वापरणार. म्हणून खूण नाही म्हणजे फोटो खरा, असं कृपा करून धरू नका, आणि खूण नाही म्हणजे खोटा, असंही नाही. याचा खरा उपयोग उलट्या बाजूने आहे. खरं बोलणाऱ्याला आपलं खरेपण सिद्ध करायचं साधन मिळतं. काठावरचा म्हणतायत तो नेता "हे डीपफेक आहे" म्हणाला तर पत्रकाराकडे सही असलेली मूळ फाइल असेल. माझ्या मते पुढच्या काही वर्षांत खोटं पकडण्यापेक्षा खरं जपण्यावर जास्त मेहनत घ्यावी लागेल.

आणि बाबांच्या केसमध्ये एक मुद्दा सगळ्यांच्या नजरेतून सुटलाय. तो व्हिडिओ त्यांना कोणी फॉरवर्ड केला नव्हता ना? जाहिरात होती. म्हणजे कोणीतरी पैसे भरले, प्लॅटफॉर्मने घेतले, आणि साठीच्या पुढचा, मधुमेहाबद्दल वाचणारा माणूस शोधून त्याला ती दाखवली. जाहिरातदाराची ओळख पक्की तपासल्याशिवाय औषधाची नि गुंतवणुकीची जाहिरात घ्यायचीच नाही, एवढा एक नियम नीट पाळला तरी अशी कितीतरी प्रकरणं उगमालाच थांबतील. आपण सामान्य माणसाला सावध राहा सावध राहा सांगतो आणि ज्याच्या हातात नळ आहे त्याला काहीच विचारत नाही.

---

मास्तरीण | बुधवार, सकाळी ६:५०

रिकामा कॅनव्हास, शेवटचा परिच्छेद सोन्यासारखा.

आठवी-नववीला शिकवते. दोन वर्षांपूर्वी मोठ्या उत्साहाने "खोटं ओळखा" असे तास घेतले, दहा क्लिप दाखवल्या, दहाच्या दहा खोट्या. महिन्याभराने लक्षात आलं की मुलं सगळ्यालाच फेक म्हणतायत. चंद्रावरचा फोटो दाखवला तरी एक मुलगा मागून "मॅडम, एआय." मी त्यांना विचार करायला शिकवायला गेले आणि त्यांनी विश्वासच सोडून दिला. फार लागलं मनाला.

आता निम्म्या खऱ्या आणि निम्म्या खोट्या देते आणि गुण "ओळखलं" याला नाही, "कसं शोधलं" याला. खरी गोष्ट खरी आहे हे पुराव्यानिशी सांगणं मुलांना जास्त अवघड जातं, आणि जमलं की चेहरे बघण्यासारखे असतात.

दुसरं म्हणजे खोटं यायच्या आधी त्याची युक्ती दाखवून ठेवायची, लस दिल्यासारखी. ही कल्पना १९६० च्या दशकातली, मॅकग्वायर नावाच्या मानसशास्त्रज्ञाची. केंब्रिजच्या लोकांनी २०१८ मध्ये बॅड न्यूज नावाचा खेळ काढला त्यावर, मुलं स्वतः अफवा पसरवणारा बनतात, भीती कशी दाखवायची, खोटा तज्ज्ञ कसा उभा करायचा ते आतून बघतात. युक्रेनने हेच देशपातळीवर केलं. मार्च २०२२ च्या सुरुवातीलाच लोकांना सांगून ठेवलं की झेलेन्स्की शरणागती जाहीर करतायत असा बनावट व्हिडिओ येऊ शकतो. दोन आठवड्यांनी खरंच आला. लोकांनी फारसं मनावर घेतलं नाही, आणि झेलेन्स्कींनी स्वतः लगेच व्हिडिओ टाकून खोडून काढलं. लसीचा असर कायम टिकत नाही म्हणतात, मधूनमधून पुन्हा द्यावी लागते, म्हणून मी दर सत्राला एक तास राखून ठेवते.

---

साधा वाचक | बुधवार, सकाळी ९:००

ग्रुपवर दुरुस्ती टाकली काल. चारपैकी तीन ग्रुपमध्ये शांतता, चौथ्यात एक काका भडकले की तू कोण शहाणा लागून गेलास. मोठ्यांची चूक त्यांना न दुखावता कशी सांगायची, हे कोणीतरी लिहा.

---

शाईचा डाग | बुधवार, दुपारी १२:४५

हे खरंच कठीण आहे आणि मला पण दर वेळी जमत नाही.

काही गोष्टी मात्र उपयोगी पडतात. ग्रुपवर नाही, आधी खासगीत फोन करायचा. चारचौघांत माणूस चूक कबूल करत नाही, खासगीत करतो, आणि मग बऱ्याचदा स्वतःच ग्रुपवर जाऊन सांगतो. खोटी क्लिप दुरुस्तीसोबत परत टाकायची नाही, कारण एकच वाक्य पुन्हा पुन्हा कानावर पडलं की ते खरं वाटायला लागतं, हे १९७७ पासून प्रयोगांनी माहीत झालेलं आहे. सुरुवात खऱ्या गोष्टीने करायची. "डॉक्टरांनी गोळ्या बंद करा सांगितलं हे खोटं आहे" असं नाही लिहायचं, "डॉक्टर सांगतात गोळ्या सुरूच ठेवा, त्यांचा स्वतःचा व्हिडिओ इथे आहे" असं लिहायचं, मग एका ओळीत सांगायचं की त्यांच्या नावाने बनावट जाहिरात फिरतेय.

आणि निराश होऊ नका. चूक दाखवली की माणूस उलट जास्तच हट्टाला पेटतो असं काही वर्षांपूर्वी सगळीकडे छापून यायचं, नंतर मोठ्या प्रमाणावर तपासलं तेव्हा तसं क्वचितच आढळलं. काका भडकले असतील, पण वाचलंय त्यांनी.

वेग हा मात्र खरा शत्रू. एमआयटीने ट्विटरवरच्या ११ वर्षांच्या बातम्या तपासून २०१८ मध्ये दाखवलं की खऱ्या बातमीला १५०० लोकांपर्यंत पोचायला खोट्या बातमीच्या सहापट वेळ लागतो, आणि खोटं पसरवणारी मुख्यतः माणसंच होती, बॉट म्हणजे आपोआप चालणारी अकाउंट नव्हेत. म्हणून फॉरवर्ड करताना छोटासा अडथळा आला तरी फरक पडतो. व्हॉट्सअ‍ॅपने एप्रिल २०२० मध्ये खूपदा फॉरवर्ड झालेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला जाईल असं केलं, तर असे मेसेज ७० टक्क्यांनी घटल्याचं त्यांनीच सांगितलं. कोणाचा मेसेज वाचला नाही, काही डिलीट केलं नाही, बोटाला एक जास्तीचं काम दिलं एवढंच. काठावरचा, तुमच्या भीतीला थोडं उत्तर यात आहे असं वाटतं.

---

काठावरचा | बुधवार, दुपारी २:१०

आहे, नक्की. कोणाचं तोंड बंद न करता वेग कमी करणं, हे मला मनापासून पटतं.

---

चांदणवेल | शुक्रवार, रात्री ९:५५

सगळ्यांचे प्रतिसाद बाबांना वाचून दाखवले. शाईचा डाग, तुमचा तो ४८ टक्क्यांचा मुद्दा त्यांनी दोनदा वाचायला लावला. "म्हणजे मीच एकटा नाही" एवढंच म्हणाले, पण खांदे सैल झालेले दिसले मला. उत्तररात्र, तुमच्या बहिणीबद्दल वाचून ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले तिला सांग, आमच्या घरातलं एक म्हातारं माणूस तिच्या बाजूचं आहे.

काल त्यांनी जे केलं ते सांगायलाच आलेय. त्यांचा जुन्या सहकाऱ्यांचा ग्रुप आहे, साठेक लोक. मी लिहून देते म्हटलं तर नको म्हणाले. स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड केलं, तीन वेळा पुसून चौथ्यांदा. "मी माझ्या गोळ्या १९ दिवस बंद ठेवल्या होत्या. माझी साखर ३१२ झाली. डॉक्टरांचा खरा व्हिडिओ खाली देतोय. तुमच्यापैकी कोणी थेंब मागवले असतील तर मला फोन करा, ग्रुपवर लिहायची गरज नाही."

रात्री दोन फोन आले. एक काका, त्यांनी मागवले होते पण उघडले नव्हते. दुसऱ्या एक मावशी, त्यांनी सहा आठवड्यांपासून गोळ्या सोडल्या होत्या आणि घरी कोणालाच सांगितलं नव्हतं. बाबा त्यांच्याशी चाळीस मिनिटं बोलले. आज सकाळी त्या मुलाला घेऊन दवाखान्यात जाऊन आल्या.

ती जाहिरात मात्र अजून चालू आहे, आता दुसऱ्याच डॉक्टरांचा चेहरा लावून, कपाट आणि थेंब तेच. मी आज तिसऱ्यांदा रिपोर्ट केली, जाहिरातदाराचं नाव, लिंक, तारीख सगळं उतरवून ठेवलंय, आणि ज्यांचा चेहरा वापरलाय त्या डॉक्टरांच्या ऑफिसलाही मेल टाकलीये. इथे आणखी कोणाला ती दिसली असेल तर स्क्रीनशॉट काढून मला कळवा, सगळ्यांच्या तारखा एकत्र करून सोमवारी सायबर पोलिसांकडे देणार आहे. बाबा पण येतायत सोबत.

---

उत्तररात्र | शुक्रवार, रात्री १०:२०

मला दिसलीये, बुधवारी. लिंक आणि स्क्रीनशॉट व्यक्तिगत निरोपात पाठवते. बाबांचा निरोप बहिणीला वाचून दाखवला.